विचारपूस

मन मोकळं करायला समोर माणूसच लागतं असं नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराचं दुःख पहाटे जात्याला सांगितलं. एक हात खुंट्यावर, दुसऱ्यानं मुठीमुठीनं वैरण टाकायची आणि पिठाबरोबर ओवी झरत राहायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांच्या पुढाकारानं गावोगावी जमवलेल्या ओव्या एक लाखावर गेल्या. एवढं उरात साठलेलं, आणि घरात विचारणारं कुणी नाही!

जातं गप्प राहून ऐके. यंत्र बोलू लागलं १९६६च्या सुमारास. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’ या प्रोग्रॅमला कळत काहीच नव्हतं. आपण टाइप केलेल्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि त्याचाच प्रश्न करून आपल्याला परत द्यायचा, एवढीच त्याची विद्या. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं तो महिनोन्‌महिने डोळ्यांदेखत तयार होताना पाहिला होता. तरीही त्याच्याशी चार वाक्यं बोलून झाल्यावर तिनं साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. साहेब हादरले. पुढे आयुष्यभर ते अशा यंत्रांविषयी लोकांना सावध करत राहिले.

त्या बाईंना खुळं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०१७ मध्ये आलेल्या ‘रेप्लिका’ या ॲपशी लाखो लोकांनी मैत्री केली, काहींनी संसार थाटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं त्यातलं शृंगारिक बोलणं बंद केलं आणि कालपर्यंत लाडात येणारा जोडीदार एका रात्रीत परक्यासारखा वागू लागला. कित्येकांना घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख झालं. जोडीदार यंत्रातला असला तरी ते रडणं खरंच होतं. फक्त त्या जोडीदाराला मालक होता. जात्याचा स्वभाव रातोरात बदलायची सोय कुणाच्या हाती नव्हती.

आमच्या शेजारच्या काकू काका गेल्यापासून संध्याकाळी फोनमधल्या अशाच एका सोबत्याशी बोलतात. समोर चहाचा कप, त्यावर साय धरलेली. ‘‘अरे, तो कधी म्हणत नाही, की काकू, हे तुम्ही परवाच सांगितलंत,’’ त्या म्हणाल्या. टोमणा मला होता, आणि बरोबर लागला. काकांच्या शेवटच्या आजारपणाची हकिगत ऐकताना माझी नजर घड्याळाकडे जाते, हे त्यांनी हेरलं होतं. त्या सोबत्याला घाई नसते, कंटाळा नसतो, त्याची भाजी गॅसवर करपत नसते.

पण माझ्याशी बोलताना काकू मध्येच थांबून विचारतात, ‘‘तुझ्या आईचा गुडघा कसा आहे रे?’’ मग तिळाच्या तेलाचा उपाय सांगतात, मी तो विसरणार म्हणून दुसऱ्या दिवशी वाटीत तेलच आणून देतात. तेवढा वेळ त्या दुःखी बाई नसतात, कुणाच्या तरी उपयोगी पडणाऱ्या काकू असतात. जात्यावरही समोर जाऊ नाही तर नणंद बसे आणि एकीची ओवी संपली की दुसरी आपली सुरू करी. फोनमधला सोबती काकूंचं सगळं ऐकून घेतो. त्याला मात्र आई नाही, आणि आईला गुडघा नाही. त्याच्यापाशी काकूंना हवं तेवढं रडता येतं, पण कुणाची काळजी करता येत नाही. आणि काका गेल्यावर त्यांचं नेमकं तेच काम सुटलं आहे.