भर पावसात दिवाळी

८ जुलै
संपादकांचा फोन. दिवाळी अंकासाठी ललित लेख हवा, २००० शब्द, ऑगस्टअखेर. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक भर पावसात दिवाळीचं लिहितो आहे. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. ही मुदत नसती तर आपलं निम्मं ललित कागदावर उतरलंच नसतं.

११ जुलै
दोन पानं झाली. गुळगुळीत. कुणाला सांगतोय, तेच कळत नाही.

१४ जुलै
'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. दुसऱ्या कुणी इथं कर्मठपणावर परिच्छेद झोडला असता. बाई धुतलेल्या मिठाचं सांगतात आणि पुढं जातात. नवऱ्याचा तापट स्वभाव, १८९५ मधलं त्याचं धर्मांतर, नंतरची ताटातूट, कुठंच रडगाणं नाही. समोर बसलेलं माणूस कंटाळेल, ही धास्ती त्यांना सतत असावी.

१५ जुलै
जोतीरावांनी तर ऐकणाऱ्याला पुस्तकातच बसवलं. 'गुलामगिरी' (१८७३) म्हणजे धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद. धोंडीबा शंका काढतो, म्हणून युक्तिवादाला पळवाट उरत नाही. शंभरेक वर्षांनी, १९७८ च्या 'बलुतं'मध्ये, दगडू मारुती पवार सांगतो आणि ऐकायला बसलेत खुद्द दया पवार. त्याच माणसाचं लिहितं, प्रतिष्ठित नाव. त्यांच्यापुढं दगडू खोटं बोलणार कसा? लेखकाच्या बांधिलकीवर आपल्याकडे परिसंवाद झडतात (चहा बरा असतो). मला वाटतं, आडवा प्रश्न विचारायला समोर कुणाला बसवलं, यातच ती निम्मी ठरून जाते.

२ ऑगस्ट
मनातल्या मनात धाकट्या मावशीला समोर बसवलं. कोल्हापूरची. "मग? फुडं काय झालं?" याखेरीज ती काही विचारत नाही. पावसाचं वर्णन गेलं. आजोळच्या वाड्याचंही गेलं. कडी न लागणारं दार तेवढं ठेवलं, कारण त्याला ती हसली असती. शेवटचं चिंतन तिनं ऐकूनच घेतलं नाही, दूध उतू जाईल म्हणून उठली.

९ ऑगस्ट
९०० शब्द उरले. संपादकांना तसं कळवलं. म्हणाले, "बरं झालं. उरलेल्या जागेत सराफाची जाहिरात बसेल."