चाल कानावरची

शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ शिकलेले पुष्कळजण भेटतात. त्याच नारायण वामन टिळकांची भजने मराठी चर्चमध्ये आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात, हे चर्चबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. मराठी कवितेच्या चर्चेत या गीतांना मिळालेली जागा अगदीच तोकडी आहे. मला हा अन्याय वाटतो.

*

फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले आणि 1619 मध्ये गोव्यातच वारले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 चे, राचोलला छापलेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून लिपी रोमन. छंद मात्र ओवीचा. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी ऐकायला-गायला काही नव्हते. ती भूक या इंग्रज जेझुइटाने ओळखली.

*

इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवणे अवघड जाते. तिकडच्या कित्येक चालींत ओळीचे पहिले अक्षर हलके आणि जोर दुसऱ्यावर. मराठीत तो पहिल्यावर यावासा वाटतो. मग गाताना ऱ्हस्व ताणले जाते, दीर्घ आखडते. अशी गीते लोक प्रेमाने म्हणतात आणि त्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. तरी अभंग सुरू झाला की मंडळीचा आवाज मोकळा होतो, हेही खरे.

*

कृष्णराव रत्नाजी सांगळे (1834–1908). अहमदनगरला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले, त्यातले हे मोठे नाव. साज सगळा हरिदासी, आख्यान येशूचे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कथा कळे, आणि पद तोंडात घेऊन तो घरी जाई. तन-मन-धन देवाला वाहणारे त्यांचे गीत पुढे इंग्रजीत उतरले आणि देशी चालीसकट परदेशी गीतसंग्रहांत गेले.

*

टिळकांचा जन्म 1861 चा, दापोलीजवळच्या करजगावचा. 1893 मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये.

‘अभंगांजली’ वाचताना ही वर्षे मनात ठेवावीत. टिळक ख्रिस्ताला आई म्हणतात, गुरुमाउली म्हणतात. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मुलखातल्या माणसाला ही हाक शिकवावी लागत नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड सांगत. काहींना ही तडजोड वाटली असेल. मला ती पूर्ण निष्ठा वाटते. देव बदलला म्हणून आईची भाषा का टाकावी? शिवाय ज्याने आप्त गमावले, त्याच्या हाकेत उसने काही उरत नाही. या अभंगांतली आर्तता तिथली आहे.

1917 मध्ये मिशनच्या नोकरीतून मोकळे होऊन त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला, ते गेले.

*

‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे महाकाव्य टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आले होते. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंचे. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेली ही बाई! 1936 मध्ये त्या वारल्या, ग्रंथ 1938 मध्ये निघाला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे कौतुक सगळे करतात, आणि ते रास्तच आहे. पण ‘ख्रिस्तायन’ही काढून वाचावे.

*

मंडळीत बहुतेकांच्या हाती ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहाची, नुसत्या शब्दांची प्रत असते. चाल मात्र कानावरची. एकेका गीताची चाल नगरला वेगळी, पुण्याला वेगळी. जुन्या चाली जाणणारी माणसे आता थकली आहेत. ज्यांच्या घरी, ज्यांच्या चर्चमध्ये अशी माणसे आहेत त्यांना एकच विनंती: पेटी काढा, त्यांना गायला बसवा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. गीतकाराचे नावही त्यात आधी सांगा.