घरातला दुसरा रुग्ण

प्रिय सुमे,

लोणीत काय चाललंय म्हणून विचारलंस. कांजिण्या चालल्यात! उन्हाची चाहूल लागली की येतातच त्या.

आमच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्या आहेत. कुणी डेपोवरचे टँकर चालवतं, कुणी हडपसरला कामाला जातं. एकेका खोलीत पाच-सहा माणसं. तिथल्या एका घरात थोरल्यानं शाळेतून कांजिण्या आणल्या. चार-दोन फोड, थोडा ताप, की गडी पुन्हा उंडारायला मोकळा. पंधरवड्यानं धाकटी पडली. तिला पार केसांत, तोंडात, पापण्यांवर फोड. आजी म्हणाली, "दादानं खाऊ कधी दिला नाही, हे मात्र भरभरून दिलं."

आजीचं खरं आहे गं. घरात पहिल्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या मुलाला कांजिण्या जोरात येतात, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे. पहिल्याला बाहेर जाता-येता लागण होते. दुसरं पोर त्याच्या अंथरुणाला अंथरूण लावून झोपतं, रात्रभर त्याच्याच श्वासातली हवा घेतं. सुरुवातीलाच विषाणू जास्त संख्येनं आत गेले, तर शरीराला सावरायला उसंत मिळत नाही, असं त्याचं कारण सांगतात. म्हणून घरातल्या दुसऱ्या रुग्णाला काही डॉक्टर विषाणूवरचं औषध लगेच सुरू करतात.

गोवराचं तर याहून वाईट. पीटर आबी नावाचा डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ पश्चिम आफ्रिकेत, गिनी-बिसाऊला, मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास करायला गेला होता. १९७९मध्ये तिथे गोवराची साथ आली. हडकुळी मुलं जास्त दगावतील अशी सगळ्यांची समजूत. पण आधीच्या वजनाचा मृत्यूशी मेळ बसेना. बाहेरून गोवर आणणाऱ्यांपेक्षा घरातच लागण झालेली मुलं जास्त मेली होती. आपल्याकडे २०२२मध्ये गोवंडीत गोवरानं मुलं गेली, तेव्हा लस चुकल्याची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. तिथल्या दाटीवाटीच्या खोल्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

कोरोनातही पुण्याची सुरुवात अशीच झाली. ९ मार्च २०२०ला दुबईहून आलेलं जोडपं बाधित निघालं. पाठोपाठ त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून आणणारा टॅक्सीवाला आणि एक सहप्रवासी. घर, बंद गाडी, विमान! जास्त विषाणू म्हणजे जास्त गंभीर आजार, हे कोरोनाबाबत गोवराइतकं स्पष्ट झालेलं नाही. पण तो पसरला कसा, ते या यादीतच दिसतं.

त्या वर्षी तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, लोणीचा मुक्काम सुना गेला. अजूनही पालखी आली की कुणीतरी गर्दीकडे बोट दाखवतंच. मला विचारशील तर रस्त्यावरच्या टाळ-मृदंगापेक्षा पावसात दारं-खिडक्या लावून एका हॉलमध्ये दाटीवाटीनं झोपलेल्या दिंडीची धास्ती जास्त वाटते.

आणि आपल्या आया आठव. एकाला कांजिण्या आल्या की बाकीच्यांना मुद्दाम त्याच्याशेजारी निजवायच्या, म्हणे "एकदाच होऊन जाऊ दे." हौसेनं दुसरा रुग्ण तयार करायचा की!

वेगळं ठेवायचं म्हटलं तरी फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पोर संसर्ग पसरवत असतं. शिवाय एका खोलीत वेगळं म्हणजे कुठे? गल्लीतल्या बायांना मी खिडकी उघडी ठेवा आणि डोकी लांब ठेवून निजा, एवढंच सांगते. संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांत लस दिली तर कांजिण्या टळू शकतात, निदान हलक्या जातात. पण सरकारी लसीकरणात ही लस नाही आणि खासगीतली या घरांना परवडत नाही. गोवर-रुबेलाची तेवढी फुकट मिळते, नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या आसपास.

तुमच्या अमेरिकेत कांजिण्यांची लस १९९५पासून आहे. तुझ्या नातवंडांना दोन्ही डोस झालेत का? मेमध्ये त्यांना घेऊन येते आहेस, म्हणून विचारते. इथली पोरं त्यांना खेळायला ओढून नेल्याशिवाय राहायची नाहीत.

तुझी,
शैला