तीन हात नाक्याची शाळा

ठाण्याच्या तीन हात नाक्यावरील उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साहाय्याने २०१६ साली मालवाहू कंटेनरांत उभारलेल्या सिग्नल शाळेवरून आज जाणे झाले, आणि डोक्यावर वाहनांचा अखंड गडगडाट चालू असता खाली पाढे म्हणता येतात, याचे कौतुक मनातून जाईना. पुलाखालीच ज्यांचा संसार, त्यांच्या दारी शाळाच नेण्याची ही तजवीज मोठी शहाणपणाची. कारण सिग्नलवर गजरे विकणारी मुलगी घरात चार पैसे आणते, धाकटे भावंड कडेवर वागवते, आणि तिला वर्गात बसवायचे तर आईबापांचा हा हिशेब आधी समजून घ्यावा लागतो. नुसत्या फीमाफीने भागत नाही. जन्माचा दाखला नसतो, न्हाण्यालाही आडोसा नसतो.

शिकणाऱ्याला फीपलीकडचा आधार लागतो, हे जुन्या काळीही खरे होते. कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्याचे श्रेय आपण त्यांच्या जिद्दीला व पती गोपाळरावांच्या हट्टाला (प्रसंगी तो जाचच होता!) देतो; परंतु न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी या परक्या मुलीला घरात आसरा दिला, हे क्वचितच आठवतो. शिकणाऱ्या मुलांना वह्या वाटणारे दाते आजही डोंबिवलीत पुष्कळ भेटतात. दहावीनंतर लोकलच्या पासाची दरमहा जबाबदारी घेणारा मात्र विरळा.