नव्वद किलोंचा हिशोब

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपची स्प्रिंग बदलण्यात बाकी सगळी पाने फिरवायची कामं, अवघड जागा एकच. बसवलेली स्प्रिंग आधीच दाबलेली असते. तिला आणखी दाबल्याशिवाय वरच्या कड्याखालचा लॉकनट दिसत नाही, आणि कडं काढल्यावर तो सगळा जोर अलगद उतरवावा लागतो. गॅरेजमधली पोरं हे अर्ध्या मिनिटात उरकतात. शॉकअप उभा धरायचा, एकाने स्प्रिंगवर अख्खं वजन टाकायचं, दुसऱ्याने तेवढ्यात पाना चालवायचा. बघत राहावं असं काम असतं ते. स्प्रिंग कुठे सरकणार हे त्या पोरांच्या पायाला कळतं. माझ्या पायाला कळत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

मी टूलरूमचा माणूस. भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या बाजूला गाळ्यांच्या रांगा आहेत. स्टेनलेस स्टीलची भांडी, पत्रा, पट्टी. त्यांच्या डाया दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. घरी बाकडं नाही, शिकंजा नाही. पार्किंगमध्ये गाडीमागे जेमतेम चटईएवढी जागा. अशा ठिकाणी काही केलं की लोक लगेच म्हणतात, वा, काय जुगाड केलाय! मला हे कौतुक पचत नाही. विकतच्या अवजारामागे कुणीतरी हिशोब मांडून ठेवलेला असतो आणि त्याचे पैसे आपण मोजतो. घरी केलेल्या अवजाराला तोच हिशोब स्वतः करावा लागतो, आणि तो विकतच्यापेक्षा दुप्पट करावा लागतो. तो न करता केलेल्या अवजारात नुसती हिंमत असते. स्प्रिंगला हिंमतीचं काही वाटत नाही.

गाडी होती उत्तनच्या एका ओळखीच्या पोराची. शंभर सीसीची, बरीच वापरलेली, मागे दोन शॉकअप. पहाटे बंदरावरून मासळीचे क्रेट मागे बांधून तो डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा करत भाईंदरच्या बाजाराला येतो. वाटेत मिठागरांची मोकळी हवा, उशाला समुद्र, आणि क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी रस्ताभर शॉकअपवर ठिबकत येतं. एके दिवशी मागून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि गाडी डावीकडे बसली. गॅरेजवाल्याने बघितल्या बघितल्या सांगितलं, शॉकअपची जोडीच बदल. तसं त्याचंही चूक नव्हतं. मजुरीचा वेळ धरला तर नवी जोडी लावणं त्याला परवडतं. पण पोराने माझ्याकडे येऊन विचारलं, “दादा, तेल तर गळत नाही. नुसती स्प्रिंग मिळाली तर?”

स्प्रिंग मिळते. जुन्या नंबरची, जोडीने, स्पेअर पार्टच्या दुकानात मागवून.

तुटलेली स्प्रिंग हातात घेऊन बघण्यासारखी होती. अगदी खालचा वेढा, जिथे वेढ्यावर वेढा घासतो आणि रंग आधी उडतो, तिथेच ती गेली होती. तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. एका कडेला नखाएवढी चंद्रकोर, काळपट-तांबूस, गंजाने मऊ झालेली. उरलेला भाग खडीसाखरेसारखा दाणेदार आणि चकचकीत. म्हणजे ती त्या दिवशी तुटली नव्हती. मिठाच्या पाण्याने तारेला बारीक खड्डा पडला, खड्ड्याच्या तळाशी चीर गेली, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यागणिक ती चीर केसभर पुढे सरकत राहिली. आत पाणी जायचं, गंजायचं. उरलेल्या पोलादाला भार पेलेनासा झाला तेव्हा एका दणक्यात ते सुटलं. तो भाग अजून कोरा होता. पोराला मी दोन्ही रंग दाखवले. तो म्हणाला, “म्हणजे खड्ड्याने नाही तुटली?” शेवटचा दणका खड्ड्याचाच. पण काम बर्फाच्या पाण्याचं.

दुसरी, अखंड स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर ती सात एमएमने बुटकी निघाली. एक तुटली म्हणून एकच बदलायची नाही, याचं कारण तिथेच उभं होतं.

आता हिशोब. रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम १६७६ साली छापला तो अक्षरं उलटीसुलटी करून, म्हणजे शोध आपला हे नोंदलं जाईल पण दुसऱ्या कुणाला कळणार नाही. १६७८ साली त्याने ते कोडं उकलून सांगितलं: जेवढं ताणाल तेवढा जोर. त्यापुढचं नंतरच्यांनी बसवलं. पोलादी तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि मोकळ्या वेढ्यांची संख्या एवढं माहीत असलं की स्प्रिंगचा कडकपणा कागदावर काढता येतो. जाडीचा चौथा घात वर, व्यासाचा तिसरा घात आणि वेढ्यांची संख्या खाली. व्हर्नियरने मापलं: तार सात एमएम, वेढ्याचा सरासरी व्यास पंचेचाळीस, मोकळे वेढे चौदा. आकडा आला एका एमएमला साधारण एक किलो नऊशे. बसवलेल्या अवस्थेत स्प्रिंग पंचवीस एमएम दाबलेली होती, म्हणजे गाडीचा भार नसतानाच आत पन्नासच्या आतबाहेर किलोंचा जोर कोंडलेला. लॉकनटला पाना लागण्यापुरती जागा करायला आणखी वीस एमएम. म्हणजे पंच्याऐंशी ते नव्वद किलो. एक धडधाकट माणूस स्प्रिंगवर उभा राहिल्याएवढं. गॅरेजमधली पद्धत चालते ती याचमुळे, आणि माणूस घसरला की नव्वद किलो कुठे जातात हेही याच आकड्यात आहे.

स्प्रिंग दाबायचा शिकंजा करायला गाळ्यातल्या भंगारातून सहा एमएम जाड आणि साठ रुंद लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घेतले आणि हार्डवेअरच्या दुकानातून बारा एमएमचा आटेवाला रॉड. रॉडचे दोन सारखे भाग केले. वरच्या पट्टीला मधोमध एका कडेपासून आत यू-खाच मारली, शॉकअपच्या दट्ट्याचा रॉड सैलसर बसेल अशी. ही पट्टी स्प्रिंगच्या वरच्या दोन-तीन वेढ्यांखाली आडवी सरकते आणि तिथून खालचे वेढे दाबते. खालच्या पट्टीला शॉकअपचं खालचं कडं बोल्टने पकडलं. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांच्या भोकांतून दोन रॉड, वर नट आणि जाड वॉशर. बस्स.

बारा एमएमचा रॉड असल्या नव्वद किलोंना तुटत नाही, त्याला टनाच्या वर भार हवा. यू-खाच कापल्यावर पट्टीचा जो बारीक गळा उरतो तो वाकेल का, एवढंच बघायचं होतं. साठातून खाच गेल्यावर बावीस उरले. त्याला येणारा ताण साध्या लोखंडाच्या सोसण्याच्या निम्म्याहून कमी निघाला. म्हणजे मोडायची भीती नाही. भीती सरकण्याची. स्प्रिंगचा वेढा जिन्यासारखा चढत जातो, त्यावर सपाट पट्टी कधीच चारी अंगांनी टेकत नाही. ती एका बाजूने टेकते, तिरपी होते आणि जोर आला की खाचेच्या उघड्या तोंडाकडे घसरायला बघते. म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजू वेढ्याच्या चढाप्रमाणे कानशीने उतरत्या केल्या, एक वर, एक खाली. खाचेच्या तोंडावर आडवा बोल्ट टाकला, म्हणजे पट्टी निसटली तरी दट्ट्याच्या रॉडला अडकेल. हे दोन बदल जुगाडात सहसा नसतात. बघणाऱ्यांना पट्ट्या आणि रॉड दिसतात, आणि तेवढंच ते उचलतात.

पुढचं काम शांतपणे करण्याचं. आधी स्प्रिंगखालचा खाचांचा कॅम सगळ्यात सैल खाचेवर आणायचा; तेवढा दाब फुकटात कमी होतो. शॉकअप आडवा जमिनीवर, त्यावर जुनी गोधडी गुंडाळलेली, आणि आपण बाजूला बसायचं, टोकासमोर कधीच नाही. आट्यांना ग्रीस. मग नट आलटून पालटून अर्धा अर्धा फेरा. बारा एमएमच्या आट्याला एका फेऱ्यात पावणेदोन एमएम मिळतात, त्यामुळे बारा फेऱ्यांत वीस एमएम भरून निघतात. एकीकडे जास्त फिरवलं की पट्टी तिरकी होते आणि स्प्रिंग फुग्यासारखी एका अंगाला पोट काढते. पोट दिसलं की थांबून उलटं फिरवायचं. वरचे वेढे सैल पडले की हाताने हलतात, आणि त्यांच्यामधून लॉकनट डोकावतो.

इथे लोक पकड वापरतात आणि शॉकअप घालवतात. दट्ट्याच्या रॉडला क्रोमची चकाकी असते ती दिसण्यासाठी नसते. पकडीचा एक ओरखडा पडला की तो प्रत्येक धक्क्याला ऑईल सीलवरून वरखाली जातो आणि हळूहळू सील फाडतो. मग तेल गळतं, आणि आपण स्प्रिंग बदलली म्हणून तेल गळलं असं आपणच म्हणतो. लॉकनटला पातळ पाना, कड्यातून टॉमी, आणि दोघांना एकमेकांविरुद्ध फिरवायचं. रॉडला हात लावायचाच नाही. आट्यांमध्ये लॉक करणारा डिंकासारखा माल असला तर घट्ट लागतं. कुणी गॅसवर तापवायचं सुचवेल, पण सीलपासून चार बोटांवर जाळ नेणं म्हणजे तेच संकट दुसऱ्या वाटेने.

कडं काढायच्या आधी रॉडच्या टोकाखाली सुतळीचा फास टाकून तिचं टोक वर ओढून ठेवलं. साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये रॉड सुटला की आत जाऊन बसतो, आणि नवी लांब स्प्रिंग चढवल्यावर त्याला वर आणायला बोट पोचत नाही. एवढीशी सुतळी, पण ती नसली की सगळं पुन्हा उलगडावं लागतं.

स्प्रिंग बाजूला निघाल्यावर शॉकअप तपासायचा खरा मोका असतो. उभा धरून रॉड दाबायचा, मग ओढायचा. दाबताना तो सहज जातो, ओढताना मधासारखा घट्ट येतो. असंच हवं, कारण शॉकअपचं अर्ध्याहून जास्त काम स्प्रिंगची उसळी अडवण्याचं असतं. मध्येच रॉड सटकन निसटला तर आत हवा आहे. बराच वेळ आडवा ठेवल्याने हवा तेलात शिरते. उभा धरून काही वेळा वरखाली केलं की निघून जाते. त्यानंतरही निसटत असेल तर तेल संपलेलं आहे, आणि नवी स्प्रिंग त्यात घालणं वाया. पोराचे दोन्ही बरे निघाले.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका मध्येच खाली आले. पार्किंगमध्ये काम चालत नाही असं म्हणायला आले असावेत, पण गोधडी बघून थांबले. त्यांच्या तरुणपणी बुलेट होती, त्यामुळे त्यांना या विषयात मत होतं. मागचं चाक झुलता चिमटा आणि शॉकअप यांवर टांगणं १९४९ च्या बुलेटने रोजच्या वापरात आणलं आणि मद्रासला ती पन्नासच्या दशकात बनू लागली, हे त्यांना तोंडपाठ. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत मागचं चाक घट्ट आणि मागे स्प्रिंगा फक्त सीटखाली, म्हणजे माणसाची पाठ वाचायची आणि गाडीची नाही. “आता माणसाची पाठ कोण बघतंय, सगळं क्रेटचं बघायचं,” असं पोराला म्हणून ते वर गेले. परवानगीचा विषय निघालाच नाही.

पोराला मात्र एक गोष्ट सुचली होती. क्रेटचा भार जास्त, मग साडेसात एमएम तारेची स्प्रिंग का नाही घालायची? अर्धाच एमएम तर. अर्धा एमएम दिसायला काही नसतो, पण चौथ्या घाताचा तडाखा तिथेच बसतो: बाकी सगळं तेच ठेवून तार सातावरून साडेसात केली की स्प्रिंग जवळजवळ एक तृतीयांशाने कडक होते. भरल्या गाडीला ते ठीक. पण बाजारातून रिकामा परतताना मागचं चाक ओल्या पेव्हर ब्लॉकवर टेकायचं सोडून उड्या मारेल, आणि तेलाचा भाग तर जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा. मी त्याला त्याच नंबरची स्प्रिंग घातली आणि भार असताना कॅम दोन खाचा वर घ्यायला सांगितलं. तुटलेली स्प्रिंग कोणी वेल्डिंग करून देतो का, हेही त्याने विचारलं होतं. वेल्डिंगच्या आचेने त्या जागेचं पाणी उतरतं आणि लवकरच ती तिथेच शेजारी तुटते, असं सांगून ती भंगारात टाकली.

खरी दुरुस्ती मात्र मागच्या कॅरिअरवर झाली. क्रेटखाली जुन्या होर्डिंगच्या फ्लेक्सचा ट्रे, मागे एक पन्हाळ, आणि त्यातून निघालेली नळी चाकाच्या मागे रस्त्यावर. पाणी आता शॉकअपवर पडत नाही. खालच्या वेढ्यांवर ग्रीसचा हात, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं. स्प्रिंग बदलण्याला जेवढा वेळ लागला त्याच्या पावपटही या ट्रेला लागला नाही, आणि टिकाऊपणाचा हिशोब केला तर स्प्रिंगपेक्षा ट्रेनेच जास्त काम केलं.

शिकंजा पार्किंगच्या भिंतीला टांगला तसा तो सगळ्यांच्या नजरेत आला. आमच्या विंगमधल्या एका कॉलेजच्या पोराची मोठी गाडी, मागे एकच शॉकअप, आणि त्याला पिवळी स्प्रिंग घालायची होती. त्याने पट्ट्या मागितल्या. मी दिल्या नाहीत. दोन शॉकअपच्या गाडीत भार दोघांत वाटलेला. एकाच्या गाडीत सगळा एकावर. वर तो चिमट्याच्या मधल्या भागाला जोडलेला, चाक जास्त चालतं आणि शॉकअप कमी, त्यामुळे स्प्रिंग कितीतरी पट कडक लागते. तिथे माझा बावीस एमएमचा गळा वाकेल. शिवाय त्यात गॅस भरलेला असतो, तो उघडायचा नाही. मी कागद घेऊन त्याला गळ्याचा ताण मांडून दाखवायला लागलो. त्याने कागदाचा फोटो काढला, आणि आठवड्याने गाडी दुकानातून स्प्रिंग घालून आणली. मजुरीचे त्याने दिलेले पैसे मला जास्त वाटले. पण दुकानवाल्याकडे त्या स्प्रिंगला लागणारा शिकंजा होता.