चांदण्यापुरता उजेड

पलीकडे जायचं आहे आणि मध्ये समुद्र आहे. नावा बांधल्यात त्या वरून, खालून, चहूबाजूंनी बंद. लाट अंगावरून गेली तरी आत थेंब येऊ नये म्हणून. खिडकी ठेवावी तर ती फुटेल आणि आग पेटवायची सोय नाही. मग नावा बांधणारा देवाला विचारतो, एवढं पाणी आम्ही अंधारातच ओलांडायचं का? मॉर्मन ग्रंथातली ही गोष्ट वाचली तेव्हापासून ती माझ्या मनातून जात नाही. देव त्या माणसाला रागवत नाही, श्रद्धा कमी पडली असंही म्हणत नाही. उलट विचारतो, उजेडासाठी मी काय करावं, तूच सांग.

तो माणूस डोंगरावर चढतो. खडक वितळवून त्याचे 16 लहान दगड करतो, पांढरे, काचेसारखे आरपार, आणि म्हणतो, यांना बोट लाव. नावा 8, प्रत्येकीत दोन दगड, दोन टोकांना. त्या उजेडात ते लोक 344 दिवस पाण्यावर होते. ग्रंथ या माणसाचं नावसुद्धा सांगत नाही. ‘जेरेडचा भाऊ’ एवढीच त्याची ओळख. मला तो फार जवळचा वाटतो. त्यानं नुसतं मागितलं नाही, मागायला जाताना आपल्या हातचं काहीतरी घेऊन गेला.

हा ग्रंथ 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पामायरा गावी छापला गेला. तो जगापुढे आणणारा जोसेफ स्मिथ त्याच्या दहा वर्षं आधी, कोवळ्या वयात, रानात प्रार्थनेला बसला होता. त्यानं पुढे सांगितलं ते असं: आधी गडद अंधारानं घेरलं, वाचा बसली, आता आपण संपलो असं वाटलं आणि तेव्हाच डोक्यावर उजेडाचा खांब उतरला. जन्माला येणाऱ्या प्रत्येकात ख्रिस्ताचा प्रकाश असतोच, तो वागण्यानं वाढतो किंवा मंदावतो, ही मॉर्मन पंथाची श्रद्धा. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक मुंबईत उतरला, पुण्यातही राहिला. इकडे गोदेपर्यंत हा पंथ तेव्हा काही आला नाही. पण उजेडाची भाषा गोदाकाठाला परकी नव्हती. गोदावरीवरच्या विष्णुपुरी धरणाहून काही किलोमीटरवर, नांदेडला, 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग ज्योतीत विलीन झाले. दहाही गुरूंमध्ये एकच ज्योत होती आणि ती गुरू ग्रंथ साहिबात आली, असं शीख मानतात. त्याच ग्रंथात नर्सीच्या नामदेवांची 61 पदं आहेत.

मला मात्र अंधार शिकवला तो काकांनी, शेतात. हरभऱ्याचे दिवस. विष्णुपुरीचं पाणी आलं होतं, पण लाईट रात्रीची. अकराच्या पुढे मोटार चालू व्हायची आणि काका दारं धरायला निघायचे. सोबत मी, हातात बॅटरी. थंडी अशी की पाटातलं पाणीच पायाला ऊबदार लागायचं. मी भीतीनं बॅटरी सगळीकडे फिरवायचो. बांधावर, धुऱ्याच्या गवतात, काकांच्या पावलांपुढे. उजेडाच्या गोलात जे दिसे त्याच्यापेक्षा गोलाबाहेरचं जास्त काळं होत जाई. काका म्हणाले, “इझव ती. डोळ्याला सवय होऊ दे.” विझवली. आधी काहीच नाही. मग हळूहळू वाफ्यांचे वरंबे उमटले. मग वाफ्यात शिरणारं पाणी दिसलं, बारीक चकाकत पुढे सरकणारं. चंद्र नव्हता, चांदण्यांवरच चाललं होतं सगळं. वाफा भरला की पाण्याचा आवाज बदलतो, तो ऐकून काका खोरं मारायचे, एक दार बुजवायचे, दुसरं मोडायचे. लाईट गेली की धुऱ्यावर घोंगडी अंथरून ती परत यायची वाट पाहायची. काका बोलत नसत. मी आकाशाकडे पाहत पडायचो आणि कधी झोप लागायची ते कळायचं नाही.

पुष्कळ वर्षांनी मॉर्मनांची परलोकाची कल्पना वाचली. 1832 मध्ये स्मिथनं सांगितलेल्या साक्षात्कारात तीन लोक आहेत: सूर्यासारख्या तेजाचा, चंद्रासारख्या तेजाचा आणि ताऱ्यांच्या तेजाचा. खोटं बोलणारे, व्यभिचारी, असे सगळे अखेर त्या तिसऱ्या लोकात जातात. शिक्षा भोगून झाल्यावर त्यांनाही चांदण्यापुरता उजेड मिळतो. बाहेरचा निखळ अंधार उरतो तो फार थोड्यांना, ज्यांनी उजेड पुरता ओळखून जाणूनबुजून नाकारला. एवढा उदार हिशेब मला दुसऱ्या फार थोड्या धर्मांत दिसला.

अंधाराला आपण उगाच नुसतं पाप म्हणतो. औंढ्याला नागनाथाचा गाभारा भुयारात आहे. अंग चोरून, वाकून, अरुंद पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते याच देवळात. तिथला अंधार मला आवडतो, कारण तिथे मी आपल्या पायानं उतरतो आणि पाहिजे तेव्हा वर येतो.

काकांचा अंधार तसा नव्हता. तो त्यांनी निवडला नव्हता. वेळापत्रकानं त्यांच्या माथी मारला होता. त्यात साप होते, विंचू होते, ओल्या हातांनी स्टार्टरला हात लावणं होतं. आमच्या भागात अशा रात्री घरी परत न आलेली माणसं आहेत. त्या रात्रीचं चांदणं मला सुंदर वाटलं, कारण खोरं काकांच्या हातात होतं. स्वतः उतरून गेलेला अंधार माणसाला घडवतो, लादलेला अंधार त्याला झिजवतो. लादलेल्या अंधाराला साधना म्हणून गौरवायचा अधिकार आपल्याला नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्रात 2017 पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. ती शेवटच्या डीपीपर्यंत पोहोचू द्या. पाणी द्यायचं काम उन्हात होऊ द्या, आणि रात्र शेतकऱ्याला झोपेसाठी परत द्या.