बाविसाव्या मजल्यावरचं घर

६ नोव्हेंबर २०२२. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या जपानी मालिकेची गोष्ट या तारखेला सुरू होते. दुपारी एक वाजता गेमचं दार उघडतं. ‘नर्व्हगिअर’ नावाचं शिरस्त्राण चढवून दहा हजार माणसं आत शिरतात, आणि संध्याकाळी त्यांच्या लक्षात येतं की मेनूतलं लॉगआउटचं बटणच नाहीसं झालंय. गेमचा निर्माता कायाबा आकिहिको लाल झग्यात, आभाळाएवढा होऊन प्रकटतो आणि नियम सांगतो. शंभर मजल्यांचा ‘आइनक्राड’ हा तरंगता किल्ला सर केल्याशिवाय सुटका नाही. आत मेलात तर शिरस्त्राण मेंदू जाळून टाकेल, बाहेरून कुणी ते ओढून काढलं तरी तेच होईल. घरच्यांनी घाबरून काढल्यामुळे २१३ जण आधीच गेलेले आहेत. मग तो प्रत्येकाच्या हातात एक आरसा देतो. आरशात बघताच सगळ्यांची सोंगं गळून पडतात आणि ज्याचा त्याचा खरा चेहरा समोर येतो. उंचापुरा वीर म्हणून मिरवणारा चौदा वर्षांचा पोरगा निघतो, बाईचं रूप घेऊन फिरणारा पुरुष निघतो. पुढे जे काही घडणार आहे ते याच चेहऱ्यांनी भोगायचं.

मालिका २०१२ च्या जुलैत आली तेव्हा ही तारीख दहा वर्षं पुढची होती. नंतर ती खरोखरच उगवली. त्या दिवशी ‘ऑक्युलस’ या व्हीआर हेडसेट कंपनीचा संस्थापक पामर लकी याने गोष्टीला मानवंदना म्हणून खरंच जीव घेऊ शकेल असं एक शिरस्त्राण बनवल्याचं जाहीर केलं: गेममध्ये हरलात की कपाळापाशी बसवलेली स्फोटकं उडणार. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. मला मात्र त्या दिवशी या गोष्टीतलं एक घर आठवत होतं. बाविसाव्या मजल्यावरचं, तळ्याकाठच्या रानातलं, लाकडी ओंडक्यांचं.

तिथवर जाण्याआधी सांगलीला जावं लागेल. विश्रामबागेतल्या एका नेट कॅफेत आम्ही काही मुलं-मुली एक कोरियन ऑनलाइन गेम खेळायचो. मी त्यात हीलर होते, म्हणजे लढणाऱ्यांच्या मागे उभं राहून त्यांच्या जखमा भरत राहायचं काम माझ्याकडे. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, नाशिकचा एक होता, गुवाहाटीची एक होती, काही कुठले होते ते कधीच कळलं नाही. आजोबा गेले त्या आठवड्यात मी लॉगइन केलं आणि फक्त एवढंच टाइप केलं की आज खेळायला नको. कुणी काही विचारलं नाही. एकेक जण आला आणि गावातल्या कारंज्याभोवती माझ्याशेजारी बसला. त्या गेममध्ये बसण्याची एक वेगळी कमांड होती. तिचा तसा दुसरा उपयोग नव्हता. आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो.

घरी आल्यावर आईला हे सांगितलं. तिने विचारलं, ‘‘कोण गं ही माणसं?’’

‘‘गेममधली.’’

‘‘म्हणजे कुणीच नाहीत ना?’’

ती चिडून बोलली नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे तो सर्व्हर बंद झाला आणि ती माणसं पांगली.

म्हणून पुण्याच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून ही मालिका माझ्यापर्यंत आली, तेव्हा मी ती तलवारबाजीसाठी पाहिली नाही. तिसऱ्याच भागात साची भेटते. साची ही एका लहानशा गिल्डमधली मुलगी, शाळेतल्या मित्रांबरोबर आत अडकलेली. तिला लढता येत नाही, रात्री झोप येत नाही, एकदा ती सगळ्यांपासून पळून एका पुलाखाली जाऊन बसते. नायक किरितो तिला सांगतो की तू मरणार नाहीस. तो स्वतः त्या सगळ्यांपेक्षा कितीतरी वरच्या पातळीचा आहे, पण ते त्याने लपवून ठेवलेलं असतं, कारण त्याला त्यांच्यातली ऊब हवी असते. ते सगळे एका सापळ्याच्या खोलीत सापडतात आणि साची त्याच्या डोळ्यांसमोर मरते. नाताळच्या रात्री मेलेल्याला जिवंत करणारी वस्तू मिळणार असं ऐकून किरितो एकटा एका अक्राळविक्राळ राक्षसाशी लढतो, ती वस्तू मिळवतो, आणि तिच्यावर लिहिलेलं असतं की मृत्यूनंतर दहा सेकंदांच्या आत वापरली तरच उपयोग. मग त्याच्याकडे साचीचा निरोप येतो, तिने जिवंतपणी नाताळसाठी राखून ठेवलेला. तुझी पातळी मला कळली होती, असं ती सांगते. त्याचं आपल्याबरोबर असणं हाच तिला धीर होता.

काळाचं किती नेमकं भान आहे या भागाला! निरोप राखून ठेवणं ही गेममधली साधी सोय. लेखकाने तीच घेतली आणि तिच्यातून एका मेलेल्या मुलीला बोलतं केलं.

हा लेखक रेकी कावाहारा. त्याने ही गोष्ट २००२ च्या आसपास एका कादंबरी स्पर्धेसाठी लिहिली होती. पानांची मर्यादा ओलांडली गेली म्हणून ती पाठवलीच नाही, आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या संकेतस्थळावर टोपणनावाने छापत राहिला. ‘अ‍ॅक्सल वर्ल्ड’ या दुसऱ्या कादंबरीला मोठं पारितोषिक मिळाल्यावर २००९ साली हिचं पुस्तक झालं. त्याच २००२ साली जपानी टीव्हीवर ‘डॉट हॅक साइन’ ही मालिका लागत होती. तिच्यातही एक पात्र गेममधून बाहेर पडू शकत नाही. दोन्हींचं संगीत युकी काजिउराचं. ‘डॉट हॅक’मध्ये माणसं बोलत बसतात आणि काही म्हणजे काही घडत नाही. मला ते फार आवडतं, पण ते सगळ्यांना पेलत नाही. कावाहाराकडे वेग आहे. त्याचं मोठेपण मात्र तो वेग थांबतो तिथे दिसतं.

थांबतो तो बाविसाव्या मजल्यावर. किरितो आणि त्याच्याबरोबर लढणारी असुना लग्न करतात, आघाडीच्या लढाया काही दिवस सोडतात आणि ते लाकडी घर विकत घेतात. तळ्यावर निशिदा नावाचे एक उतारवयातले गृहस्थ मासे धरत बसलेले असतात. मासा मिळतो, पण सोया सॉस नाही म्हणून ते हळहळतात. असुनाने गेममधले नाना पदार्थ चाखून, त्यांची मिश्रणं करून घरी सोया सॉस बनवलेला असतो. ती चव जिभेवर आली तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहताना मला कळलं की या मालिकेत मुक्कामाची गोष्ट सुटकेच्या गोष्टीइतकीच मोठी आहे. रोज पहाटे उठायचं आहे, जेवायचं आहे, कुणाला तरी जेवायला बोलवायचं आहे. आपलं खरं शरीर बाहेर कुठल्याशा इस्पितळात सलाइनवर पडलेलं आहे, हे ठाऊक असूनही. ७ नोव्हेंबर २०२४ ला, पंचाहत्तराव्या मजल्यावर, खेळ संपतो. तोवर सुमारे चार हजार माणसं गेलेली असतात. किल्ला ढासळतो आणि त्यात ते घरही जातं.

यानंतर मालिकेचा जो भाग येतो, परीलोकाचा, त्यावर माझा राग अजून गेलेला नाही. चौदा भाग जिने बरोबरीने तलवार चालवली त्या असुनाला सोन्याच्या पिंजऱ्यात बसवलं आणि नायकाने येऊन सोडवण्याची वस्तू केली. खलनायक किती नीच आहे हे दाखवायला तिच्या अंगावर हात टाकण्याची दृश्यं वापरली. ‘अ‍ॅलिसायझेशन’ या पुढच्या पर्वातही हीच खोड पुन्हा दिसते. बाईच्या छळावर खलनायक उभा करणं हा लेखनातला आळस आहे, आणि इतक्या सुंदर कल्पनेच्या शेजारी तो जास्तच खुपतो. २०२१ च्या ‘प्रोग्रेसिव्ह’ चित्रपटात सुरुवातीची गोष्ट असुनाच्या नजरेतून पुन्हा सांगितली गेली, तेव्हा थोडं ऋण फिटलं.

पण खरी फेड आधीच झाली होती, २०१४ च्या शेवटी, दुसऱ्या पर्वातल्या ‘मदर्स रोझारिओ’ या कथेत. इथे किरितो जवळजवळ बाजूला आहे. असुनाला युकी भेटते. कुणालाही तलवारीत हरवणारी, सतत हसणारी, घाईत असलेली मुलगी. तिच्या गिल्डमधले सगळेच घाईत आहेत, कारण ते सगळे दुर्धर आजारांचे रुग्ण आहेत. युकीच्या जन्माच्या वेळी आईला दिलेल्या रक्तातून तिला एचआयव्हीची बाधा झालेली आहे. आईवडील गेले, जुळी बहीण गेली. ती योकोहामाच्या एका इस्पितळात ‘मेडिक्युबॉइड’ नावाच्या यंत्राला जोडलेली आहे. हजारो माणसं मारणाऱ्या शिरस्त्राणाचंच हे पुढचं रूप. ज्या तंत्राने मरण आणलं, त्याच तंत्राने तिला पळायला पाय दिले, धरायला हात दिले.

या कथेत एक छोटा उल्लेख आहे. युकीचा आजार शाळेत कळला तेव्हा इतर पालकांनी विरोध केला आणि तिच्या कुटुंबाला तिथून निघावं लागलं. मी पाहत असताना तिथे थांबले. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभं केलं, आणि ती मुलं गावच्या शाळेत आपल्या मुलांशेजारी बसणार म्हणून विरोध झाला, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचलं होतं. कावाहाराने युकीच्या बाबतीत दयेचा सूर लावलेला नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे. असुना खांद्यावर कॅमेरा बसवून तिला शाळेत नेते आणि युकी वर्गात वाचून दाखवते. एवढंच. शेवटी युकीला निरोप द्यायला हजाराहून जास्त खेळाडू उडत येतात.

अनेकांना हे भडक वाटलं. मीही कदाचित तसं म्हणाले असते, पण त्याच २०१४ च्या नोव्हेंबरात नॉर्वेमध्ये मॅट्स स्टीन नावाचा तरुण स्नायू क्षीण करत जाणाऱ्या आजाराने वारला. वय पंचवीस. आईवडिलांना वाटत होतं, मुलगा चाकांच्या खुर्चीत एकटा बसून गेम खेळण्यात आयुष्य काढून गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि युरोपभरातून पत्रं येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तो ‘इबेलिन’ होता, ‘स्टारलाइट’ गिल्डमधला, लोकांचं ऐकून घेणारा, भांडलेल्यांना बोलतं करणारा. गिल्डमधली काही माणसं परदेशांतून त्याच्या अंत्यविधीला आली. गिल्डने संभाषणांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्यांच्यावरून बेंजामिन री याने २०२४ साली माहितीपट केला, आणि त्यात त्याचं तिथलं आयुष्य चालतं-बोलतं उभं केलं. मला त्यात सगळ्यात जास्त वडील लक्षात राहिले. मुलाला किती मित्र होते, हे त्यांना तो गेल्यावर कळलं.

असुनाच्या आईला ते वेळेत कळतं. क्योको ही विद्यापीठात प्राध्यापक. मियागीच्या डोंगरातल्या शेतकरी घरातून आलेली, आणि सासरच्या मोठ्या घराण्यात त्या माहेराची तिला लाज वाटत आलेली. तिला मुलीची शाळा बदलायची आहे, गेम बंद करायचा आहे. असुना हट्ट करून तिला एकदाच आत नेते, थेट त्या लाकडी घरात. बाविसावा मजला परीलोकाच्या नव्या गेममध्ये पुन्हा उघडलाय आणि असुनाने ते घर पुन्हा मिळवलंय. खिडकीबाहेर बर्फ पडतोय, बर्फात देवदारासारखी उंच झाडं. क्योकोला ओळख पटते, तिच्या आईवडिलांच्या घरामागेही असंच रान होतं. मग असुना सांगते, सुट्टीत आजी-आजोबांकडे एकटीच राहिले होते तेव्हा ते काय म्हणाले. लेकीचा त्यांना अभिमान होता, तिचं छापून आलेलं सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं. आणि घर-शेत ते विकत नव्हते, कारण कधीतरी दमून लेकीला परत यावंसं वाटलं तर जागा हवी. ते घर आता उरलेलं नाही. क्योकोच्या डोळ्यांतून पाणी येतं. ती ते आवरू पाहते आणि आवरत नाही, कारण या जगात अश्रू लपवता येत नाहीत.

मागच्या दिवाळीत मी हे भाग आईला दाखवले, सबटायटल वाचून मराठीत सांगत सांगत. आईचं माहेर वाळवा तालुक्यातलं. तिथला वाडा भावकीत वाटला गेला आणि पाडला गेला, त्याला बरीच वर्षं झाली. तलवारी चालू असताना ती वाती वळत होती. खिडकीतला बर्फ आला तेव्हा तिने हात थांबवले.

‘‘आता ती आत गेलीये ना, गेममध्ये?’’ तिने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मग रडतीये ती खरी की तिथली?’’

मी म्हटलं, तूच सांग.

आई टीव्हीकडे बघत राहिली. ‘‘तिला ते रान ओळखू आलं की,’’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘‘तुझी ती माणसं होती बघ, आजोबा गेले तेव्हा बसलेली. ती नाशकाची का कुठली. त्यांचा पत्ता लागला का गं परत?’’

एकाचा लागला होता, मी सांगितलं. नाशिकचाच, आता पुण्यात असतो, दोन मुली आहेत.

‘‘मग दिवाळीचं फराळाला बोलवायचंस की त्याला,’’ आई म्हणाली आणि पुढचा भाग लावायला सांगितला, कारण तिला त्या मुलीची शाळा बदलली का ते बघायचं होतं. नाही बदलली. क्योकोने परवानगी दिली, पण अट घातली: मार्क वाढायला हवेत, आणि विद्यापीठात जायचं.

‘‘ते बरोबर आहे तिचं,’’ आई म्हणाली.